सांगून वळणारे आप्पा

मी एकदा अँबॅसिडर गाडीच्या इंडिकेटरच्या दांडीला सीताफळांची पिशवी अडकवली होती. दुसरी जागा नव्हती असं नाही. पण ती दांडी हुबेहूब खुंटीसारखी दिसायची, टोकाला गोळासुद्धा होता, आणि माझ्या हाताला खुंटी दिसली की काहीतरी अडकवायची सवय होती. सीताफळं धारूरच्या रस्त्यावर घेतलेली, पिकायला आलेली. शिटावर ठेवली तर एकमेकांखाली चेंगरतात, पायाशी ठेवली तर गचक्यानं फुटतात. पिकली सीताफळं लोंबकळत न्यायची असतात हे आमच्या बीड जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंडिकेटर कशासाठी असतो हे मलाही ठाऊक होतं. फक्त ही दोन ज्ञानं एका वेळी डोक्यात आली नाहीत.

पिशवीच्या वजनानं दांडी खाली आली आणि धारूरपासून केजपर्यंत सबंध रस्ताभर माझी गाडी 'मी उजवीकडे वळतेय' असं सांगत सरळ गेली. समोरून येणारे थांबत होते. मागचे ट्रकवाले पुढे न घुसता मागेच राहत होते. मी काळा चष्मा लावला होता. मला वाटलं, बाई गाडी चालवतेय म्हणून लोक मान देतायत. एक-दोघांना मी मान हलवून उत्तरही दिलं.

आमच्या गल्लीत वळताना स्टेअरिंगच्या पोटातून 'कट्' असा आवाज आला. मी सीताफळं उतरवली आणि गाडी आप्पांच्या दारात लावली. एकही सीताफळ फुटलं नव्हतं, म्हणून मी फार समाधानात होते.

गाडी आप्पांची होती. शिवलिंगआप्पा, आमचे शेजारी, केजच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, अंगात पांढरा सदरा, खिशात शिंप्याचा चपटा खडू. हा खडू ते कुठेही काढत. भिंतीवर, पोत्यावर, एकदा तर पंगतीत पत्रावळीच्या कडेला त्यांनी आपली जागा आखून ठेवलेली मी पाहिली आहे. गाडीचा रंग कोथिंबिरीसारखा हिरवा. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात ती नवरदेवाची गाडी असे आणि चालवायला स्वतः आप्पा.

आप्पांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. माणूस कसा होता असं नातवानं विचारलं तर मी एकच सांगते, की आप्पा सांगून वळायचे. हे त्यांचंच वाक्य. "सांगून वळावं वहिनी. वळाया कुणाची ना न्हाई, पर आधी सांगावं." गाडीपुरतं नव्हे, सगळ्यालाच. दुकानात भाव वाढवायचा असला की आदल्या दिवशी ओट्यावर उभं राहून गिऱ्हाइकांना सांगत, उद्यापासून लुगडी महाग होणार आहेत, घ्यायची तर आज घ्या. लोक आजच घेत. मग उद्या आप्पा रिकाम्या दुकानात बसून राहत, पण चेहऱ्यावर अपराधी भाव नसे. गावाला जायचं तर गल्लीत प्रत्येक दारात थांबून कुठे जातो, कोणत्या एसटीनं, परत कधी, सगळं सांगून होईस्तोवर एसटी निघून जाई. मग एसटी गेली हेही परत येताना प्रत्येक दारात सांगत.

रागवायची पद्धतही तीच. आमच्या ह्यांच्यावर एकदा ते रागावले. हे तहसिलात कारकून, आणि आप्पांच्या दुकानासमोर आमची मोटारसायकल आडवी लावून गेलेले. आप्पा घरी आले, बसले, पाणी मागितलं, अर्धं प्यायलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आता मी तुमच्यावर रागावणार हाय. तुमी बी पाणी पिऊन घ्या." हे पाणी प्यायले. मग आप्पा चांगले रागावले. मग उरलेलं पाणी पिऊन चहाला थांबले.

मला गाडी शिकायची होती. पोरं मोठी झालेली, ह्यांच्याकडे मोटारसायकल, आणि मला काहीतरी असं करायचं होतं की जे केजात कुठल्या बाईनं केलेलं नाही. काळा चष्मा मी आधीच घेऊन ठेवला होता. शिकवायला कुणी तयार होईना. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, शिकवतो, पण गाडी पहिल्यांदा चालू करायची नाही.

जनावरांचा बाजार भरतो त्या माळावर, बाजार नसेल त्या दिवशी, बंद गाडीत मला बसवत. स्वतः डावीकडे बसत. मी दांडी खाली-वर करायची आणि तोंडानं सांगायचं, आता मी उजवीकडे वळते, आता मी डावीकडे वळते. गाडी जागची हलत नसे. शेळ्या चारणारी पोरं येऊन बघत. मी चष्म्याआडून त्यांच्याकडे बघत नसे. पुढच्या आठवड्यात आप्पांनी गाडी चालू करू दिली. गिअर स्टेअरिंगजवळच, हातानं ओढायचा, त्यामुळे डाव्या हाताला गिअर आणि उजव्या हाताला इंडिकेटर. मी पहिल्या दिवशी गिअर टाकायचा म्हणून इंडिकेटर टाकला आणि गाडी का पळेना म्हणून आप्पांकडे पाहिलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "सांगून झालं वहिनी. आता निघा."

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. वळण संपून स्टेअरिंगचं चाक सरळ झालं की दांडी आपणहून टक् करून माघारी येते. आप्पांना या 'टक्'चं फार कौतुक. म्हणत, "वळतो म्हणून समदेच सांगत्यात. वळून झालं, आता सरळ हाय, हे बी सांगाया पायजे. नुस्तं वळतो वळतो म्हनत हिंडणारा माणूस लई वाईट."

लायसन्स मिळालं आणि आप्पांनी गाडी माझ्या एकटीच्या हातात दिली, ती पहिली खेप धारूरची. पुढचं वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी दांडी माघारी येईना. इंडिकेटर लागायचा, पण वळून झालं तरी लागलेलाच. आत जी चिमटीएवढी जीभ असते, चाक सरळ होताना दांडीला ढकलून परत आणणारी, ती मोडली होती. त्या दिवशी गल्लीत लग्न होतं. पुढच्या शिटावर नवरदेवाचा मामा बसलेला, अंगानं भरदार, फेटा छताला लागणारा. गल्लीचं एकमत झालं की मामानं आप्पांच्या बाजूनं सरकून उतरताना दांडी धरली. मीही म्हटलं की हो, मी पाहिलं, धरलीच होती. मामा परळीकडचा, परत कधी इकडे आला नाही. आप्पा काही बोलले नाहीत. सगळं बोलून दाखवणारा माणूस या एका गोष्टीवर एक अक्षर बोलला नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण ध्यानात यायला डोळ्यांवरचा चष्मा काढावा लागतो.

त्यानंतर कितीतरी वर्षं आप्पा वळण संपलं की हातानं दांडी माघारी आणत आणि तोंडानं 'टक्' म्हणत. शेजारी कोण बसलंय याची पर्वा नाही. नवरदेव असो, आमदारकीला उभा राहिलेला असो, टक्.

मग चार-पाच वर्षांपूर्वी दांडी पुरतीच मेली. खाली करा, वर करा, दिवा लागेना. त्याच वर्षी गाडीचं पासिंग आलं. आप्पांचा मुलगा महेश, वाईट पोरगा नाही, आता दुकान तोच बघतो. गाडी उभी असते त्या जागेवर त्याला तयार कपड्यांचं दालन काढायचं होतं. त्यानं बापाला समोर बसवून सांगितलं, की आप्पा, पासिंग झालं तर गाडी राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर गाडी भंगारात जाईल, आणि मग तुम्ही विषय काढायचा नाही.

आप्पांनी मला ओट्यावरून हे सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात. आप्पा म्हणाले, "काय म्हणणार? पोरगं सांगून वळतंय. आडवता येत न्हाई." आणि खिशातून खडू काढून उगाच ओट्यावर एक रेघ मारली. मी त्यांना रिकामी रेघ मारताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गॅरेजवाला म्हणाला, हा स्विच आता मिळत नाही, त्याऐवजी घरच्या दिव्याचं असतं तसं बटण बसवतो, पासिंगला चालून जाईल. आप्पा नको म्हणाले. मी विचारलं, कावून नको? म्हणाले, बटणाला माघारी येणं ठाऊक नाही. मला राग आला. गाडी भंगारात निघालीय आणि हे टक् धरून बसलेत. पण बोलायला तोंड कुठे होतं? त्या टक्चा जीव मीच घेतला होता.

म्हणून शोध मीच काढला. माझी धाकटी बहीण सिरसाळ्याला दिलेली. तिच्याकडून कळलं की तिथले दादासाहेब, पूर्वी मोठं प्रस्थ, यांच्या गोठ्यात तसलीच अँबॅसिडर पडून आहे. आप्पा आणि मी जीपनं गेलो. आप्पांनी पिशवीत पाने, पेचकस आणि स्टेअरिंगचं चाक उपसायचा पुलर घेतला होता.

दादासाहेबांच्या ओसरीवर बसताच आप्पा म्हणाले, "दादासाहेब, मी मागाया आलोय. आधी सांगतो, चहा मग पितो." काय हवंय ते सांगितलं. दादासाहेब विचारात पडले. द्यायला त्यांची हरकत नव्हती. पण आयुष्यात त्यांनी कुणाला काही असंच, चार माणसं नसताना, दिलेलं नव्हतं. त्यांनी माणसांना बोलावणं धाडलं. आधी वस्तू काढून घ्या, म्हणाले, कार्यक्रम नंतर.

गाडीत चालवणाऱ्याच्या शिटावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. दादासाहेबांच्या सूनबाईंनी बजावलं, काय काढायचं ते काढा, कोंबडी उठता कामा नये. आप्पा लिंगायत, उभ्या जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. ते दारात वाकले आणि कोंबडीला म्हणाले, "बाई, मी आता तुझ्यावरनं हात घालणार हाय. चाक काढतो, दांडी काढतो, जातो." कोंबडीनं मान तिरकी केली. आप्पांनी मधलं हॉर्नचं बटण काढलं, आतला नट सोडला, पुलर लावला, चाक ओढून घेतलं. प्रत्येक हालचालीआधी ते कोंबडीला सांगत होते. पेचकस सापडेना म्हणून मी मध्ये हात घातला, न सांगता. मला टोचली. त्यांना एकदाही नाही.

मग कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं जमली. दादासाहेबांनी सामाजिक कार्यावर भाषण केलं, त्यात इंडिकेटरचा उल्लेख शेवटाकडे एकदा आला. आप्पांना शाल, श्रीफळ आणि शालीवर ठेवून तो स्विच दिला गेला. मलाही शाल दिली, कशाबद्दल ते कुणी सांगितलं नाही. माझ्या बोटाला चिंधी होती. फोटोत ती स्पष्ट आली आहे.

बसवायचं काम आप्पांनी आपल्या दारात, दुपारी, निंबाच्या सावलीत केलं. डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, म्हणून मदतीला मी. आधी बॅटरीची तार काढली. जुन्या स्विचच्या तारा इतक्या विटलेल्या की सगळ्या एकाच मातकट रंगाच्या दिसत होत्या. गॅरेजवाला असता तर चक्रावला असता. आप्पांनी महेशकडून दुकानातले रेशमाचे दोरे मागवले आणि प्रत्येक तारेला एक दोरा बांधला. मग मला म्हणाले, मोरपंखी सोडा, मोरपंखी जोडा. आता डाळिंबी. आता मोतिया. एक सोडायची, तीच जोडायची, मगच दुसरी. मी नवऱ्याच्या पगारातून जन्मभर या माणसाकडून लुगडी घेतलेली. रंग मला पाठ होते. या एका कामात मी चुकले नाही, आणि हे मला लिहून ठेवायचं आहे.

पुढे चुकले. चाक काढताना आप्पांनी चाकावर आणि ते बसतं त्या दांड्यावर अशी खडूची एक सलग रेघ मारली होती, की परत बसवताना तिथल्या तिथे बसावं. आप्पा हात धुवायला गेले. मला ती रेघ म्हणजे धूळ वाटली. मी पदरानं पुसून काढली. वर थोडी थुंकीही लावली, डाग चिवट होता.

चाक बसलं, आप्पा गल्लीत फेरी मारून आले. गाडी सरळ चालली होती आणि स्टेअरिंग तिरपं. चाकच आडवं बसल्यामुळे दांडी उजवीकडून वेळेत माघारी येई आणि डावीकडून वळण अर्धं असतानाच. आप्पा उतरले, रेघ शोधली, मग माझ्या पदराकडे पाहिलं. पदराला खडू लागला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "आता मी तुमच्यावर रागावणार हाय. पाणी आणा. दोन तांबे आणा."

मी आणलं. ते रागावले. काय काय बोलले ते मी लिहीत नाही, पण त्यात काळ्या चष्म्याचा उल्लेख होता. एवढ्या वर्षांनी! मग चाक पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, आणि मला निंबाच्या बुंध्याशी हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं. तिन्हीसांजेला गल्लीच्या कोपऱ्यावरून गाडी आत वळली आणि बसल्या जागी मला ऐकू आलं. टक्. आप्पांनी तोंडानं केलेलं नव्हे.

पासिंगचं शिबिर केजातच होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि गाडीचं नाव काढायचं नाही असं बजावलं. महेशला हातातला गिअर जमत नव्हता. ज्या गाडीच्या जागी दालन करायचं ती चालवायला तो शिकलाच नव्हता. म्हणजे अख्ख्या गल्लीत ती गाडी चालवू शकणारं माणूस एकच उरलं. मी तोवर आजी झालेली, आणि गुडघे बोलू लागलेले. महेश माझ्याकडे बघून म्हणाला, काकू, पुन्हा सांगतो, दुसरी संधी नाही. मी म्हटलं, तू सांगितलंस, मी ऐकलं.

मी चालवायला, आप्पा डावीकडे, काळा चष्मा लावून, हात गुडघ्यांवर. आरटीओचे साहेब नातवाच्या वयाचे. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, आजी, गाडी कोण चालवणार? मी लायसन्स पुढे केलं. त्यावरच्या फोटोतली बाई काळ्या केसांची होती, साहेबांनी ती माझ्या चेहऱ्यात बराच वेळ शोधली. मग ते मागे बसले. म्हणाले, चला, पुढून डावीकडे.

मी दांडी वर केली. डावा दिवा लागला. वळले. चाक सरळ झालं आणि... काही झालं नाही. दिवा लुकलुकतच राहिला. आप्पा पुढे बघत होते. डोळ्यांवर चष्मा असलेला माणूस नेमकं कुठं बघतो ते कळत नाही. मी चाक आणखी किंचित, अगदी केसभर, सरळ केलं.

टक्.

साहेब म्हणाले, उजवीकडे. उजवीकडूनही दांडी माघारी आली. ब्रेक, हॉर्न, पुढचे दिवे. साहेबांनी उतरून सही केली आणि आप्पांना म्हणाले, बाबा, जपून ठेवलीत गाडी. आप्पा म्हणाले, "जपली न्हाई. तिला सांगत ऱ्हायलो." साहेबांना ते कळलं नाही. महेश मैदानाच्या कडेला उभा होता. तो दुकानाकडे गेला. पुढं त्याला हातातला गिअर मीच शिकवला, त्याच माळावर, आधी बंद गाडीत. शब्दाचा पक्का आहे, दालनाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी परत येताना मी फार खुशीत होते. एवढ्या वर्षांचं ओझं कुणाला न कळता उतरलं होतं. मोडलेलं नवं झालं, गाडी राहिली, मामाचं नाव पुसायचं राहिलं तर राहो. चौकात डोंगराकडची एक बाई पाटीत सीताफळं घेऊन बसलेली. फळं डोळे उघडलेली, आज-उद्या पिकणारी. मी गाडी कडेला घेतली. घेताना सांगून घेतली. बाईनं पिशवी भरून खिडकीतून आत दिली. एक हात चाकावर, एका हातात पिशवी, आणि त्या हाताला समोर खुंटी दिसली.

पिशवीचे बंद दांडीच्या गोळ्याला लागले असतील-नसतील. आप्पा समोर रस्त्याकडेच बघत होते, चष्म्यातून. मान वळवली नाही. फक्त हात पुढे केला आणि म्हणाले,

"वहिनी, पिशवी माझ्या मांडीवर द्या. मागल्या बारीला बी तुमी दांडीलाच अडकवलती."